दादाभाई नौरोजी मार्गावरील कमानींची पडवी : जतन केलेल्या एका इमारत-रांगेचा चिकित्सक विचार

प्रास्ताविक

आदिलाबाद जिल्ह्यातील इंद्रवेल्ली, उटनूर, गुडीहतनूर या पट्ट्यातील माणसे कामानिमित्त मुंबईस जातात ती बहुधा नंदीग्राम एक्सप्रेसने. कोणी टाटा रुग्णालयात दाखवायला, कोणी परदेशी नोकरीच्या कागदपत्रांसाठी, कोणी हजच्या कामाने. वर्षानुवर्षे ही गाडी छत्रपती शिवाजी टर्मिनसपर्यंत जात आली. तेथे उतरून रस्ता ओलांडला आणि हुतात्मा चौकाच्या दिशेने चालू लागले की उन्हापावसाचा मनुष्य नकळत एका छपराखाली येतो. डाव्या-उजव्या हातास दुकाने, डोक्यावर दगडी कमानी, त्यावर दोन-तीन मजले. एक इमारत संपते, दुसरी लागते, पण छप्पर संपत नाही. आपण कोणाच्या तरी खाजगी मालमत्तेतून चालत आहोत हे चालणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

हा दादाभाई नौरोजी मार्ग, पूर्वीचा हॉर्नबी रोड. बृहन्मुंबईच्या १९९५ च्या वारसा नियमावलीत या मार्गाचा समावेश दुसऱ्या श्रेणीतील वारसा रस्ता म्हणून झालेला आहे, म्हणजे केवळ सुट्या इमारतींची नव्हे तर रस्त्याच्या संपूर्ण दर्शनी रूपाची दखल तेथे घेतली गेली. या रांगेविषयी इंग्रजीत बरेच लिहिले गेले आहे. मराठीत मुंबईच्या इमारतींवरील लेखन होते ते बहुतेक आठवणींच्या अंगाने किंवा पर्यटकांच्या माहितीपुस्तिकेच्या अंगाने. रांगेचा रांग म्हणून विचार, तिचे गुणदोष, आणि तिचे जतन करताना नेमके काय जतन झाले, हा प्रश्न त्यात क्वचितच येतो. प्रस्तुत लेखाचा विषय तो आहे.

'टेरेस' या शब्दाविषयी

इंग्रज लोक ज्याला 'टेरेस' म्हणतात त्यासाठी मराठीत शब्द नाही. उलट तो शब्द आपण गच्चीसाठी खर्च करून बसलो आहोत. त्यांच्या अर्थाने टेरेस म्हणजे सामाईक भिंतींनी एकमेकांस जोडलेल्या घरांची सलग ओळ, जिची दर्शनी बाजू एकाच इमारतीची वाटावी अशी रचलेली असते. बाथ शहरातील रॉयल क्रेसेंट हे याचे प्रसिद्ध उदाहरण. १७६७ ते १७७४ या काळात धाकट्या जॉन वुडने तीस घरांची ही चंद्रकोरीसारखी रांग उभारली. तेथे वास्तुरचनाकाराने आखली ती पुढची बाजू. मागचे घर ज्याने त्याने आपल्या गवंड्याकडून आपल्या सोयीने बांधून घेतले. त्यामुळे समोरून एक राजवाडा दिसतो आणि मागून तीस निरनिराळ्या घरांची दाटी दिसते. व्हिक्टोरिया राणीच्या काळात हीच रचना मध्यमवर्गासाठी आणि गिरणी कामगारांसाठी मैलोन्‌मैल उभी राहिली. विसाव्या शतकात अशा रांगा कायद्याने संरक्षित करताना इंग्रजांना एक अडचण जाणवली. एकेक घर घेतले तर त्यात विशेष काही नसते, जे आहे ते एकत्र असण्यात आहे. म्हणून त्यांनी संरक्षित यादीत 'समूहमूल्य' हा निकष ठेवला आणि १९६७ च्या कायद्याने संपूर्ण परिसरच जतनक्षेत्र म्हणून जाहीर करण्याची सोय केली.

मुंबईत या अर्थाची निवासी टेरेस फारशी रुजली नाही. येथील हवा, जातीपातीचे व धर्माचे राहणीमान, एकत्र कुटुंब आणि पुढे चाळ, यांनी घराची निराळी रूपे घडवली. खोताच्या वाडीसारखी वस्ती आहे, पण ती सुट्या घरांची आहे. टेरेसच्या तत्त्वाशी, म्हणजे अनेक मालक आणि एक दर्शनी शिस्त या तत्त्वाशी, सर्वात जवळचे नाते सांगणारी रांग हॉर्नबी रोडवरच आढळते. मात्र येथील शिस्त वेगळ्या जागी आहे, आणि तेथेच टीकाकारांची गल्लत होते असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

तट पडल्यानंतर

गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' हे पुस्तक १८६३ साली प्रसिद्ध झाले तेव्हा कोटाच्या भिंती पाडण्याचे काम नुकतेच हाती घेतले जात होते. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर (१८६२-१८६७) यांच्या कारकिर्दीत तट जमीनदोस्त झाला, खंदक बुजवले गेले, आणि पश्चिमेकडील तटाच्या कडेने जाणारा अरुंद रस्ता रुंद करण्यात आला. अठराव्या शतकातील गव्हर्नर विल्यम हॉर्नबी (१७७१-१७८४) यांचे नाव त्याला होते. त्याच्या उत्तर टोकाशी १८६९ मध्ये विल्यम इमर्सनचे क्रॉफर्ड मार्केट आणि दक्षिण टोकाशी १८६४ चे फ्लोरा फाउंटन अशी दोन ठिकाणे बसली. मध्ये एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सने १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत व्हिक्टोरिया टर्मिनस बांधले आणि त्याच्या समोर १८९३ मध्ये महापालिकेची इमारत पूर्ण केली.

याच वर्षी, म्हणजे १८९३ मध्ये, टर्मिनसच्या समोरच्या अंगास अंजुमन-ए-इस्लामच्या शाळेची इमारत उभी राहिली. बद्रुद्दीन तय्यबजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेसाठी जेम्स विलकॉक्स याने घुमट, मनोरे आणि कमानी यांचा जो मेळ घातला त्याची गणना इंडो-सारासेनिक शैलीत होते. शैलीच्या नावावर वाद घालता येईल. मुसलमानांची शाळा म्हणून घुमट द्यायचे, ही समजूत इंग्रज रचनाकारांच्या सोयीची होती. परंतु रस्त्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट दुसरी आहे. शाळा आपल्या आवारात, रस्त्यापासून मागे सरून उभी आहे. महापालिका, टर्मिनस, जे. जे. कलाशाळा यांचेही तसेच. या प्रत्येक इमारतीस पाहण्यासाठी समोर मोकळी जागा लागते. टर्मिनसच्या दक्षिणेस मात्र चित्र बदलते. तेथे इमारती मागे सरत नाहीत, त्या रस्त्याच्या कडेस येऊन एकमेकींना टेकतात, आणि आपण ज्या रांगेविषयी बोलत आहोत ती तेथे खऱ्या अर्थाने सुरू होते.

जाता जाता एक नोंद. दादाभाई नौरोजी १८८६ मध्ये काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनाचे अध्यक्ष होते, बद्रुद्दीन तय्यबजी पुढच्याच वर्षी मद्रासला. एकाच्या नावाचा रस्ता आणि दुसऱ्याच्या संस्थेची इमारत त्यावर, हा योगायोग मुंबईच्या नकाशात राहून गेला आहे.

१८९६ चा नियम

सन १८९६ मध्ये हॉर्नबी रोडवरील बांधकामासाठी सरकारी नियम झाला. रस्त्याकडेच्या प्रत्येक इमारतीने तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींखालचा सलग मार्ग ठेवलाच पाहिजे. शैली कोणती, दगड कोणता, वरचे मजले कसे, यात मालकाला बरेच स्वातंत्र्य राहिले. म्हणून आज या रांगेत गॉथिक टोकदार कमान आहे, अर्धवर्तुळाकार अभिजात कमान आहे, आणि दोहोंची सरमिसळ करणाऱ्या इमारतीही आहेत. कोठे कुर्ल्याचा पिवळसर दगड, कोठे निळसर काळा बेसॉल्ट, कोठे पोरबंदरचा फिका चुनखडीचा दगड. १८९८ ची जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूट गॉथिक आहे. व्हाइटअवे लेडलॉ या इंग्रजी पेढीचे भव्य दुकान निराळ्याच थाटाचे आहे. (विलायती कापडासाठी प्रसिद्ध असलेल्या त्याच इमारतीत पुढे खादी भांडार आले. इतिहास असा विनोद नेहमी करत नाही.) या इमारतींना एकत्र बांधते ती एकच गोष्ट, तळमजल्यावरची पडवी.

हा नियम मुंबईच्या डोक्यातून निघालेला नव्हता. सर स्टॅम्फर्ड रॅफल्सने १८२२ मध्ये सिंगापूर शहराच्या आखणीसाठी ज्या सूचना दिल्या त्यांत प्रत्येक घरापुढे ठराविक खोलीची, सर्वकाळ खुली, सलग पडवी असावी असे होते. तीच तेथील 'पाच फुटी वाट'. पॅरिसमधील र्‍यू द रिव्होलीच्या कमानी नेपोलियनच्या आज्ञेने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आल्या, पण तेथे दर्शनी बाजूचा नमुनाही ठरवून दिला होता आणि हातोडा चालवणाऱ्या किंवा भट्टी पेटवणाऱ्या धंद्यांना तेथे मज्जाव होता. लंडनचे उदाहरण सर्वात बोलके आहे. जॉन नॅशने रीजंट स्ट्रीटच्या वळणावर स्तंभांची सुंदर रांग उभारली होती. दुकाने अंधारी होतात आणि खांबांआड नको ते लोक घोटाळतात अशी दुकानदारांनी तक्रार केली, आणि १८४८ मध्ये ती रांग काढून टाकण्यात आली. आपल्या राजधानीत दुकानदारांच्या तक्रारीपुढे जी गोष्ट टिकू शकली नाही, ती गोष्ट इंग्रज राज्यकर्त्यांनी अर्ध्या शतकानंतर मुंबईतील मालकांवर नियमाने बंधनकारक केली.

यामागे परोपकार किती आणि साम्राज्याच्या शहराला शोभा आणण्याची हौस किती, याचा हिशेब करणे अवघड आहे. परिणाम मात्र स्पष्ट आहे. वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत ज्या शहरात कोसळतो आणि उरलेले महिने ज्याला ऊन छळते, तेथे मालकाने आपल्या जमिनीची एक पट्टी, तीही रस्त्याकडेची सर्वात मोलाची पट्टी, अनोळखी चालणाऱ्यास दिली. वरचे मजले त्या पट्टीवर बांधण्याची मुभा त्याला मिळाली, म्हणजे फुकट दिली असेही नाही. पण जमीन त्याची आणि वाट सर्वांची, ही तडजोड दगडात उतरली.

आपल्याकडील वाचकाला हे अपरिचित नाही. गावातील घराची ओसरी घराची असते आणि तरीही वाटसरू तेथे टेकतो, पाणी मागतो. गोंड घराच्या पुढील पडवीतही हेच घडते. फरक असा की ओसरीत बसायचे असते आणि त्यासाठी घरमालकाची मूक संमती लागते. १८९६ च्या पडवीत कोणाची संमती लागत नाही, आणि ती बसण्यासाठी नसून चालण्यासाठी आहे.

जतन कशाचे?

१९९५ च्या नियमावलीने मुंबईतील सहाशेहून अधिक स्थळांची यादी केली आणि त्यांची तीन मुख्य श्रेणींत विभागणी केली. पहिल्या श्रेणीत जवळजवळ कोणताही बदल नको. दुसऱ्या श्रेणीत आतील बदल व नवा वापर चालेल, बाहेरील रूपाबाबत कडक तपासणी होईल. तिसऱ्या श्रेणीत अधिक मोकळीक. भारतात शहराच्या पातळीवर अशी नियमावली तोपर्यंत विरळाच होती, हे मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे. सुट्या इमारतींबरोबर रस्त्याचाही विचार केला गेला ही दृष्टी तर विशेष स्वागतार्ह होय.

त्यानंतर १९९८-९९ च्या सुमारास मुंबई महानगर प्रदेशाच्या वारसा जतन सोसायटीच्या साहाय्याने वास्तुरचनाकार आभा नारायण लांबा यांनी या रस्त्याचा बारकाईने अभ्यास केला. त्यातून नामफलकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली. पाटी कमानीच्या आत बसावी, खांब व नक्षी झाकू नये, निऑन दिवे आणि प्रचंड फलक उतरवावेत. दुकानदारांना व रहिवाशांना एकत्र करून, त्यांच्या संमतीने आणि बऱ्याच अंशी त्यांच्याच खर्चाने फलक बदलले गेले. दशकानुदशके पत्र्याआड गेलेल्या कमानी लोकांना पुन्हा दिसल्या. २००४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या कामाचा गौरव झाला. त्याच वर्षी टर्मिनसचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

या कामाचे मोल कमी लेखण्याचा हेतू नाही. सरकारी दंडुक्याशिवाय दुकानदार पाट्या उतरवतात हे ज्याने बाजारपेठेत आयुष्य घालवले आहे त्याला चमत्कारासारखेच वाटेल. पण टीकेचे काम येथून सुरू होते. नामफलकांची मोहीम ही मूलतः रस्त्याच्या पलीकडून पाहणाऱ्याच्या दृष्टीने आखलेली आहे. पलीकडच्या पदपथावर उभे राहिले असता कमानींची ओळ कशी दिसते हा तिचा प्रश्न. कमानीखालून चालणाऱ्याला काय अनुभव येतो हा प्रश्न तिच्या कक्षेत जवळजवळ येत नाही.

प्रस्तुत लेखकाने पावसाळ्यात ही वाट टर्मिनसपासून हुतात्मा चौकापर्यंत पायी चालून पाहिली, दोन्ही बाजूंनी. छप्पर सलग आहे, जमीन सलग नाही. एका इमारतीच्या पडवीतून दुसरीत जाताना कोठे एक पायरी चढावी लागते, कोठे दोन उतराव्या लागतात. कोठे शहाबादी फरशी, कोठे गुळगुळीत चकचकीत लादी, जी ओली झाली की म्हाताऱ्या माणसाने भिंत धरून चालावे. कोठे दुकानदाराने काचेचे कपाट दोन हात पुढे आणले आहे. चाकाच्या खुर्चीवरील मनुष्य या वाटेने एक इमारतही धड ओलांडू शकणार नाही. वरच्या कमानीचा दगड कोणत्या खाणीचा हे जतनाच्या नोंदीत सापडेल, पण पायाखालची पातळी कोठे तुटते याची नोंद कोणी ठेवल्याचे दिसत नाही. १८९६ च्या नियमात जो सार्वजनिक हक्क होता तो चालण्याचा होता. १९९५ च्या नियमावलीने राखला तो पाहण्याचा.

फेरीवाल्यांचा प्रश्न

पडवीतील गर्दीचे दुसरे नाव फेरीवाला. टर्मिनसच्या परिसरात हातरुमाल, मोबाइलची आवरणे, छत्र्या, घड्याळे विकणारे हजारो हात आहेत. त्यांतील अनेक आपल्यासारख्याच दूरच्या जिल्ह्यांतून आलेले. वारसाप्रेमी लेखनात ते येतात ते बहुधा पत्र्याचे फलक, लोंबणाऱ्या तारा आणि वातानुकूलन यंत्रांच्या जोडीने, म्हणजे दृश्य बिघडवणाऱ्या वस्तूंच्या यादीत. ही यादी अन्यायाची आहे. दुकानाचे काचेचे कपाट आणि फेरीवाल्याची पथारी, दोन्ही त्याच सार्वजनिक पट्टीवर येतात. एकाशी वाटाघाटी करून त्याला आराखडा दिला जातो, दुसऱ्याला गाडी आली की गाठोडे उचलून पळावे लागते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने फेरीवाल्यांचे सर्वेक्षण, परवाने व विक्री-क्षेत्रांची तरतूद केली, तेव्हा वास्तुशास्त्राच्या अभ्यासकांनी पडवीच्या रुंदीचे मोजमाप घेऊन कोठे किती जागा चालण्यास व किती विक्रीस, हे सांगावयास हवे होते. ते त्यांचे काम होते.

याउलट, फेरीवाला म्हणजेच खरा वारसा अशी जी भावुक मांडणी अलीकडे काही इंग्रजी लेखनात दिसते, तिच्याशीही सहमत होता येत नाही. पडवी अडली की सर्वात आधी अडतो तो डोक्यावर बोजा घेतलेला हमाल, कडेवर मूल असलेली बाई आणि काठी टेकणारा वृद्ध. मग तो रस्त्यावर उतरतो, जेथे बस त्याच्या खांद्याला घासून जाते. पडवीचा नियम अशा माणसासाठीच अर्थपूर्ण होता. त्याच्या बाजूने पाहिले तर दुकान आणि पथारी या दोहोंना एकच माप लावावे लागते.

वरचे मजले

रांगेचे आणखी एक अंग टीकाकारांकडून दुर्लक्षित राहते. कमानींच्या वर माणसे आहेत. मूळ रचनेत खाली दुकान, वर कचेऱ्या व बिऱ्हाडे अशी वाटणी होती. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, ती पुढील अर्धशतक जवळजवळ तशीच राहिली. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानेही जुन्या भाडेकरूंच्या बाबतीत मोठा फरक पडला नाही. मालकाला डागडुजी परवडत नाही, भाडेकरूला ती आपली जबाबदारी वाटत नाही, आणि पागडीच्या व्यवहाराने दोघांनाही सत्य सांगणे गैरसोयीचे केले आहे. भाडे नियंत्रणाने हजारो गरीब व मध्यमवर्गीय कुटुंबांना शहराच्या मध्यात राहू दिले ही तिची बाजू आहेच. पण त्याची किंमत दगडाने मोजली. सांध्यांत पिंपळ उगवतो, लोखंडी तुळया गंजून फुगतात आणि दगड फोडतात, पाणी भिंतीत मुरते.

वारशाचा दर्जा मिळाल्याने यात फार बदल होत नाही. काळा घोडा येथील वॉटसन हॉटेलची इमारत (१८६७-६९), जिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतून मुंबईत जोडला गेला, ती यादीत असूनही तिच्या दर्शनी बाजूचा एक भाग २००५ मध्ये कोसळला. दादाभाई नौरोजी मार्गावर २०१७ मध्ये मेट्रो-३ च्या भुयाराचे काम चालू असताना पेटिट इन्स्टिट्यूटच्या वरच्या भागातील दगडी कामाचा तुकडा खाली पडला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. तुकडा कशामुळे पडला हा तज्ज्ञांचा वाद. आपल्या विषयासाठी एवढेच पुरे की तो पदपथाच्या दिशेने पडला. वरचे मजले आणि खालची पडवी हे दोन स्वतंत्र प्रश्न नाहीत. वरचा दगड सुरक्षित नसेल तर खालून चालण्याचा हक्क कागदावरच राहतो. दुसऱ्या श्रेणीच्या नियमात आतील बदलांना मोकळीक आणि बाहेरील रूपाला कडक तपासणी अशी जी विभागणी आहे, ती इमारतीस चित्राप्रमाणे पाहते. इमारत मात्र आतूनच सडते.

पत्थरगट्टीशी तुलना

तेलंगणातील वाचकासाठी याच जातीची दुसरी रांग जवळ आहे. हैदराबादेत १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट बोर्डाने चारमिनारकडे जाणाऱ्या रस्त्यावर पत्थरगट्टीची रांग बांधली. घडीव ग्रॅनाइटच्या कमानी, खाली दुकाने, वर राहण्याच्या जागा. वरवर पाहता हॉर्नबी रोडचीच आवृत्ती. पण तत्त्वतः ती उलट आहे. मुंबईत नियम सरकारचा आणि बांधणारे अनेक खाजगी मालक. हैदराबादेत बांधणारे खुद्द मंडळच, त्यामुळे कमानीचा नमुना, दगड, उंची सर्व एकसारखे. दृष्टीला पत्थरगट्टी अधिक सुखावते यात शंका नाही, आणि लाडबाजारातून बाहेर पडून त्या कमानींखाली आलेल्या माणसाला दगडाचा गारवा जाणवतो तो मुंबईत सहसा जाणवत नाही. तरीही प्रस्तुत लेखकाला मुंबईची रांग विचारार्थ अधिक मोलाची वाटते. एका मंडळाने एक नमुना बांधणे सोपे असते. पारशी, बोहरी, गुजराती, इंग्रज अशा निरनिराळ्या मालकांनी आपापल्या ऐपतीने व आवडीने बांधावे आणि तरीही वाट तुटू नये, ही गोष्ट दुर्मिळ आहे. विसाव्या शतकात या मार्गावर आलेल्या काही इमारतींनी नक्षी टाकून दिली, कमानही टाकून दिली, पण खांब आणि पडवी ठेवली. शैलीच्या इतिहासात त्यांना स्थान नाही. रांगेच्या इतिहासात ते असायला हवे, आणि वारसा यादी करणाऱ्यांनी या साध्या सिमेंटच्या इमारतींचा विचार पेटिट इन्स्टिट्यूटच्या शेजारीच केला पाहिजे.

कायद्याच्या बाबतीत दोन्ही शहरांचे मार्ग वेगळे झाले. हैदराबादेत १९८१ पासून नगरविकास प्राधिकरणाच्या तेराव्या नियमाखाली वारसा स्थळांना संरक्षण होते आणि १९९५ मध्ये इमारतींची यादीही झाली होती. तो नियम २०१५ मध्ये रद्द झाला. २०१७ मध्ये तेलंगणाचा स्वतंत्र वारसा कायदा आला. मधल्या काळात यादीतील इमारतींच्या भवितव्याविषयी अभ्यासकांना वाटलेली चिंता अनाठायी नव्हती.

आपल्या जिल्ह्यातील गावांत व्हिक्टोरियन रांग नाही, तशी असण्याचे कारणही नाही. बाजाराच्या रस्त्यावर दुकानांपुढे पत्र्याच्या पडव्या आहेत, कोठे सागवानी खांबांवरच्या जुन्या पडव्या आहेत. रस्ता रुंद करण्याचा आराखडा येतो तेव्हा मोजणीदाराची फीत प्रथम याच पट्टीवर पडते. कागदावर ती अतिक्रमण म्हणून लिहिली जाते आणि बहुतेक वेळा ते खरेही असते, कारण ती मालकाने रस्त्यावर पुढे ओढलेली असते. हॉर्नबी रोडवर पडवी मालकाच्या जागेत मागे घेतलेली होती. रस्ता रुंद करताना उरलेल्या दुकानांनी तळमजल्यावर चार हात आत सरावे, वर हवे तर बांधावे, आणि ती चार हातांची वाट एकापुढे एक जुळावी, असा ठराव एखाद्या ग्रामपंचायतीला करता येतो का, पंचायत राज कायद्यातील कोणत्या कलमाखाली करता येतो, आणि पायरीची उंची कोणी ठरवायची, हे प्रश्न वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्याने आणि कायद्याच्या विद्यार्थ्याने एकत्र बसून पाहण्यासारखे आहेत. इंद्रवेल्लीच्या आठवडी बाजाराला डोंगरातल्या पाड्यांवरून पायी येणाऱ्या माणसाला जून महिन्यात उभे राहण्यासाठी आज जे छप्पर मिळते ते दुकानदाराच्या मर्जीचे आहे.